उतराईचे शब्द

स्वातंत्र्याला सहा-सात वर्षं झाली होती, पण सावली गावाजवळ वैनगंगेवर पूल नव्हता. होता तो एका नावाड्याचा डोंगा. शेतकरी उतराई म्हणून त्याला सुगीत खळ्यावरून सूपभर धान द्यायचे. मी पडलो मास्तर, मला कुठलं खळं? तो म्हणाला, "तुमी इंग्रजी शिकवता ना गुरुजी? मंग खेपेले एक शब्द द्या."

'हॅपी' त्याने लगेच घेतला. 'जॉली' तर बांबू रेटताना तालावर म्हणायचा. 'रिच'चा अर्थ कळल्यावर स्वतःच्या फाटक्या धोतराकडे बघून खदाखदा हसला, पण ठेवून घेतला. 'सॅड' मात्र त्याने साफ परत केला.

"दुःखाले आपली बोली पुरते. हा नाई लागत मले."

आई गेल्याची खबर आली, त्या दिवशी मी डोंग्यात बसलो. त्याच्या कानावर आलंच होतं. नदीभर त्याने नुसता बांबू रेटला. पलीकडे हाताला धरून मला उतरवलं, आणि हात सोडलाच नाही.

"गुरुजी, तो परत केलेला शब्द आज द्या. माह्या डोंग्यात मावते."

मी दिला. सकाळपासून अडलेलं रडू तेव्हा फुटलं.