भत्त्याच्या कागदावरच्या सह्या

सातवीतून शाळा सुटली. परभणीकडून इकडं आलो, चाकणच्या कंपनीत पॅकिंगला लागलो. तिथं ब्रेक देऊन घरी बसवलं तेव्हा, बायकोला ज्यांच्याकडे दाखवायचो त्या म्हाताऱ्या डॉक्टरसाहेबांनी मला पिंपरीतल्या एका सरकारी कार्यालयात ठेक्यावर शिपाई म्हणून चिकटवलं. ते उपकार मी विसरणार नाही. चूक झाली तीही त्यापायीच.

सरकारी दवाखान्यांत कोणती औषधं फुकट द्यावीत, हे ठरवणाऱ्या समितीवर साहेब होते. सात डॉक्टर, दर तीन महिन्यांनी आमच्या कार्यालयात एक बैठक. हजेरीचा भत्ता मिळायचा, पेट्रोलात जाईल एवढाच. त्याच्या कागदावर सह्या मी घ्यायचो, त्याही बैठक उठताना. का, ते कधी विचारलं नाही.

त्या दिवशी नववा विषय बायकोच्या गोळीचा होता. साहेबांनीच आणलेला. तिला फिट येतात. फुकटच्या गोळीनं थांबत नव्हत्या, या गोळीनं थांबल्या. पण ही दापोडीच्या मेडिकलमधून विकत. महिनाअखेरीला ती एक दिवसाआड घ्यायची, मला न सांगता.

साहेबांचे गुडघे दुखायचे. शेवटी सहीसाठी टेबलापाशी रांगेत उभं राहायला नको, म्हणून मी चहाबरोबरच कागद फिरवला.

"आज लवकर रे?"

"तुमचा त्रास वाचंल, साहेब."

"बघा, आपल्या भत्त्याची काळजी आपल्यापेक्षा यालाच!" अध्यक्ष मॅडम म्हणाल्या. सगळे हसले. मीपण.

सहाव्या विषयाला दोघं उठले, ओपीडी आहे म्हणून. आठव्यानंतर तिसरे. मॅडमनी चष्मा काढला. "आता चारच उरलो. पाच जण असल्याशिवाय निर्णय घेता येत नाही. बाकीचं पुढच्या बैठकीत."

बाहेर क्लार्क म्हणाले, "भावा, सही झाली की माणूस मोकळा. म्हणून शेवटी घेतात."

साहेबांनी मात्र जाताना खांद्यावर हात ठेवला. "बरं केलंस. उभं राहावं लागलं नाही."

घरी बायकोनं विचारलं, "काय झालं वो मीटिंगचं?"

"फुडच्या टायमाला हाय."

"मग कशाला तोंड पाडून बसलाव? तीन महिनेच की."

दुसऱ्याच महिन्यात नळावर पाणी भरताना फिट येऊन ती पडली. कपाळाला चार टाके. सह्यांचं मी तिला अजून सांगितलेलं नाही.

परवा बैठक आहे. आज साहेबांचा फोन आला. "तो कागद मागच्यासारखा आधीच आण रे, गुडघ्यांचं काही खरं नाही."

सवयीनं तोंडातून "व्हय साहेब" निघून गेलं. कागद कपाटात कुलपात आहे. किल्ली खिशात. घटकेघटकेला हात लावून बघतोय.