अक्काचा बस्सू

आमच्या शेजारच्या अक्काच्या तोंडातून इंग्रजी शब्द कधी बिनशेपटीचा निंगला नाही. लाईटचं लैटू, टाईमचं टैमू, रोडचं रोडू, डाक्टरचं डाक्टरू. रोज सकाळी माह्या दारात यायची अन् इचारायची, "अम्मा, टैमू किती झाला?" घड्याळ तिच्या घरात बी होतं. पण ते बंद होतं, अन् तिनं ते कधी सुधरवलंच नाही. सुधरवलं असतं तं माह्या दारात यायचं कारण कुठून आणलं असतं?

पांढरकवड्यात हायवेच्या कडीले आमची चाळ, जिनिंगच्या कामगाराईची. माहा नवरा कापसाच्या गठाणी उचले, अक्काचा नवरा मशिनीचा फिटर. ते दोघं आदिलाबादकडचे, तेलगू. मी लोहारा गावची. आठवीतून शाळा सुटलेली, लगन होऊन आली तं कोणाशी बोलाले बी भ्यायची. अक्काले लेकरू नव्हतं. हे मीच सांगून टाकते, कारण तिची गोठ निंगाली का लोकं पह्यले तेच सांगत.

आमी इकडचे लोकं करंटले लाईन म्हणतो. अक्का नवीनवी आलती तवा एका दुपारी गेलेली लाईन आली अन् चाळीतले सारे पोट्टे बोंबलले, "लाईन आली! लाईन आली!" अक्का घागर घेऊन धावली अन् नळापाशी जाऊन उभी राह्यली. तिले वाटलं पाण्याची लाईन लागली. पदर खोचून एकटीच उभी, पह्यला नंबर, मांगं कोणीच नाही. माही सासू हे गोठ अजून सांगते अन् सांगताना स्वतःच आधी हासते.

बाया तिले चिडवत. "काय वो अक्का, बस्सूनं आली का आटोनं?" ती चिडायची नाही. कंबरेवर हात ठेवायची अन् म्हणायची, "तुमी इस्कूल म्हंता. इस्टेशन म्हंता. इस्टूल म्हंता. तुमी सामने जोडता, मी मांगं जोडते. इंग्रजीवाल्याचं काय चोरलं? उलटं त्याले जास्तीच देलं!"

माही पोट्टी चिमी. अडीच वर्षाची होत आली तरी एक शब्द नाही. रडे, हासे, बोट धरून नेई, पण माय बी म्हणे ना. सासू म्हणे, "आमच्या घरात असं कोणीच नव्हतं बाप्पा." मी तिच्या मांगं जाऊन ताट वाजवायची. वळली तं जीव भांड्यात पडे. खेळण्यात असली अन् नाही वळली, तं अजून जवळ सरकायची. पुन्हा वाजवायची. ताटाले पोचे पडले पण माहं भेव काही गेलं नाही.

अक्का चिमीले पापा म्हणे. त्याईच्यात उल्लीशा पोरीले पापा म्हंते. सासू म्हणे, "बाप तिकडं गठाणी उचलून राह्यला, अन् हे लेकरालेच पापा म्हणून राह्यली!" दुपारी अक्का आपल्या उंबऱ्यावर बसे, चिमीले मांडीवर घेई, तोंड आपल्याकडं करून. अन् हायवेवरून जे जाईल त्याचं नाव घेई. "जीपू गेला. कारू गेला. हे पाह्य पापा, बस्सू आला, बस्सू!" चिमी रस्ता पाहे ना. अक्काच्या ओठावर बोट ठेवून तेवढं तोंडच पाहे.

मले भेव वाटलं. मी म्हटलं, "अक्का, बरोबर शब्द शिकव वो. पोट्टी आधीच बोलत नाही."

अक्का म्हणे, "बस म्हण. पाह्य, तोंड उघडलं अन् बंद झालं. संपला शब्द. आता बस्सू म्हण. ओठ पापी घेते का नाही? पापाले शब्द कुठी दिसते? पापी दिसते."

सासूले काही हे पटलं नाही. "तिच्यापाशी देत नको जाऊ. पोट्टी बोलली बी तं तेलगूच बोलन, मंग कोणाले समजन?" मी सासूपुढं कधी तोंड उघडत नव्हती, पण तवा कसं काय निंगून गेलं, "आत्याबाई, बोलू तं द्या. मी शिकून घेईन."

त्या साली बोंडअळीनं पऱ्हाटी अशी खाल्ली का बोंड फोडलं तं कापसाच्या जागी किडाच. कापूसच नाही तं जिनिंग काय चालन? मशिनी बंद; माह्या नवऱ्याले दुसरीकडं हमाली भेटली, पण फिटरचं काय काम? अक्काच्या नवऱ्याले त्याच्या मुलखातून बोलावणं आलं. अन् ज्या दिवशी ते जाणार, त्याच दिवशी मले अन् सासूले चिमीले यवतमाळले कानाच्या डाक्टरपाशी न्यायचं होतं. डाक्टरनं म्हटलं का हे कधीच बोलणार नाही, तं? मी कुठी जाऊ? अक्का म्हणे, "स्टँडूपर्यंत संगं जाऊ. डाक्टरूले कायले भ्यायचं? त्याले बी त्याच्या मायनंच बोलाले शिकवलं."

स्टँडवर त्याईची गाडी आधी लागली. अक्कानं चिमीचे दोन्ही गाल हातात धरले. चढली अन् खिडकीपाशी बसली. गाडी सुरू झाली तशी चिमी माह्या कडेवरून अशी झेपावली का मी पडता पडता राह्यली. अन् तिनं ओठाचा चंबू केला.

"बस्सू."

मी सासूकडं पाह्यलं. सासूनं माह्याकडं.

"बोलली!"

"बोलली वो माय! बस म्हणली!"

"बस कायची? बसू म्हणली. अक्कापाशी बसू म्हंते लेकरू!"

"नाही आत्याबाई, गाडीले म्हणली. अक्का तसंच म्हंते ना!"

"आता तू मले मराठी शिकवतं का? बसू म्हणली!"

दोघी भांडून राह्यलो अन् दोघीईच्या डोयातून पाणी. अक्काच्या गाडीच्या दारातून कंडक्टर वरडला, "ओ बाई, बसता का नाही बसत?"

मी खिडकीमांगं धावली. "अक्का, बोलली! बस्सू म्हणली!" इंजिनाचा एवढा आवाज, अक्कानं कानाले हात लावला अन् मान हालवली, समजलं नाही म्हणून. मंग मी वरडणं सोडलं. नुसता चंबू केला, जसा ती करे तसा. पुन्हा केला. अक्का पाह्यतच राह्यली. मंग तिनं खिडकीच्या गजाले कपाळ टेकवलं अन् तसाच चंबू मले करून दाखवला. गाडी वळली.

डाक्टर म्हणे, कान चांगले हायेत, कोणी कोणी उशिरा बोलते. त्यानं इचारलं, "काही शब्द बोलते का?" माह्याआधी सासूच बोलली, "बोलते ना साहेब. तेलगू बी येते तिले."

आता चिमी अंगणवाडीत जाते, तोंड थांबतच नाही. तिथं बस म्हंते, घरी आली का बस्सू. अक्काच्या खोलीले कुलूप हाये. तिचा फोन लागत नाही. लागत नाही तं मनात नाही नाही ते येते, मंग मी काम काढून बसते. सासूचं अन् माहं भांडण मात्र तसंच हाये. ती म्हंते बसू, मी म्हंते बस.

परवा चिमी अक्काच्या बंद दाराच्या उंबऱ्यावर बसलती. हायवेवरून आदिलाबादची गाडी गेली. चिमीनं ओठाचा चंबू केला, "बस्सू," अन् उलशीक बाजूले सरकली, कोणाले जागा देल्यासारखी. मी दारातून पाहून राह्यली होती. सासू तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं, उठली, गेली अन् त्या जागेवर जाऊन बसली. मंग हळूच म्हणे, "पाह्य पापा, कारू आला."