डॅरेल राहतोय की जातोय?

दुबईत गाडी कितीही धुवा, सीटखालून मूठभर वाळू निघतेच. आमच्या क्लबच्या किश्शांचंही तसंच. नोकरी सोडून इतकी वर्षं झाली, सगळे सांगून संपले असं दरवेळी वाटतं. आणि शुक्रवारी करामा भागातल्या आमच्या घरी मित्र जमले, बायकोने, नीताने, भजी पुढे ठेवली, की कुणीतरी म्हणतंच, "अरे, ते बास्केटबॉलवालं सांग ना!" झालं, मी सुरू!

मी पुण्याचा. शाळेत खो-खो खेळलो, तेवढाच माझा आणि खेळाचा संबंध. नव्वदच्या दशकात रास अल खोरला एका गोदामात स्टॉक सांभाळायचो. गोदामाचे मालक अबू सुलतान एका क्लबच्या बास्केटबॉल सेक्शनचे डायरेक्टरही होते. एकदा त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"कल से तुम टीम देखेगा. सेक्रेटरी."

"सर, मला बास्केटबॉल येत नाही."

"मेरे को किधर आता है?"

मुलाखत संपली!

*

बाकीच्यांना उन्हाळ्यात सुट्टी असते, आमचा खरा सीझन तेव्हाच सुरू व्हायचा. कुणाला ठेवायचं, कुणाला काढायचं, नवीन कोण आणायचा. बाकीची टीम स्थानिक मुलांची, त्यामुळे तिथे फार डोकेदुखी नव्हती. सगळा घोळ एका जागेचा. त्या काळी आमच्या लीगमध्ये एका टीमला एकच परदेशी खेळाडू घेता यायचा आणि आमचा परदेशी होता डॅरेल.

डॅरेल अमेरिकेचा. खेळायचा सेंटर, म्हणजे बास्केटखाली उभा राहणारा सगळ्यात उंच माणूस. माझ्या ऑफिसात येताना दारात वाकायचा. पाच वर्षं आमच्याकडे होता आणि आता गुडघे कुरकुर करायला लागले होते. त्याची बायको लोर्ना इथल्याच एका शाळेत शिकवायची, मुलगीही त्याच शाळेत. क्लबने काढलं की व्हिसा गेला. व्हिसा गेला की घर गेलं, बायकोची नोकरी गेली, मुलीची शाळा गेली. गल्फमध्ये राहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आपण सगळेच एका स्टॅम्पवर उभे होतो.

*

मे महिन्यात मीटिंग झाली. कोच ड्रागान बेलग्रेडचा. हसताना मी त्याला कधी पाहिला नाही. तो म्हणाला, "डॅरेलचे गुडघे संपले. मला नवीन सेंटर पाहिजे."

अबू सुलताननी अरबी कॉफीचा, काहव्याचा, घोट घेतला, खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाले, "इन्शाल्ला."

बाहेर आल्यावर ड्रागान म्हणाला, "गुड. डॅरेल आऊट."

मी म्हटलं, "आऊट कसला? ते 'इन्शाल्ला' म्हणाले, म्हणजे विषय बंद. डॅरेल राहिला."

पाच वर्षं दोघं इथे, आणि एका शब्दावर एकमत नाही! शेवटी परत आत गेलो आणि स्पष्ट विचारलं, "सर, डॅरेल राहतोय की जातोय?"

अबू सुलतान वैतागले. "सीझन कब है?"

"ऑक्टोबर, सर."

"अभी क्या है?"

"मे."

"तो अभी क्यूं पूछता है?"

*

मग कॅसेट यायला लागल्या. अमेरिकेतले एजंट खेळाडूंच्या व्हिडिओ कॅसेट पाठवायचे. पण तिकडची सिस्टिम वेगळी, आमचा व्हीसीआर वेगळा. चित्र काळंपांढरं, थरथरणारं, आणि माणसांच्या अंगावर नुसते आडवे पट्टे. ड्रागान अल्-ऐनला कुठल्याशा कॅम्पमध्ये होता, म्हणून मी आणि अबू सुलतान दोघंच बघत बसलो.

अर्ध्या तासाने अबू सुलतान एकदम पुढे सरकले. "ये देखो! ये आदमी देखो!"

"कुठला, सर?"

"ये! बॉल जिधर, ये उधर. थकता नहीं. किसी से झगडा नहीं. सब लोग इसका बात सुनता है. ये मंगता है!"

मलाही माणूस पटला. थोडा बुटका होता, पण मला काय कळतं? मी एजंटला फोन लावून वर्णन सांगितलं. त्याने ते पुन्हा एकदा सांगायला लावलं.

मग तो म्हणाला, "सर, तुम्ही रेफ्री मागताय."

अबू सुलतानना मी भीतभीत सांगितलं. ते जरासुद्धा ओशाळले नाहीत. "तो क्या हुआ? पूछो, आयेगा क्या?"

*

जुलैमध्ये ड्रागानने नायजेरियाहून एका सेंटरला ट्रायलसाठी बोलावलं. पोरगा हॉटेलवर उतरला, सकाळी क्लबवर आला आणि गायब झाला! सिक्युरिटी म्हणे, आत आला. आम्ही म्हणतो, आलाच नाही. दोन आठवडे मी हॉटेलात निरोप ठेवतोय. हॉटेलवाले म्हणतात, "साहेब रोज सकाळी प्रॅक्टिसला जातात."

कुठल्या प्रॅक्टिसला?

शेवटी उलगडा झाला. आमच्या क्लबमध्ये फुटबॉल, व्हॉलीबॉल, हँडबॉल असे सगळेच सेक्शन. कॉरिडॉरमध्ये हा उंच पोरगा गोंधळून उभा होता. तिथून हँडबॉलचा मल्याळी सेक्रेटरी चालला होता. त्यांचाही एक गोलकीपर यायचा होता. त्याने विचारलं, "ट्रायल?" पोरगा म्हणाला, "येस." त्याने हात धरून नेला आणि गोलमध्ये उभा केला. आठवड्यात करारसुद्धा!

मी पोराला गाठलं. "अरे बाबा, तुला पहिल्या दिवशी कळलं नाही?"

तो बिचारा म्हणाला, "मला वाटलं, इकडे बास्केटबॉल असाच खेळतात."

मी धावत अबू सुलतानांकडे. ते म्हणाले, "वो खुश है?"

"खुश आहे, सर."

"हँडबॉलवाला खुश है?"

"खूपच."

"खलास. तुम क्यूं रोता है?"

*

या सगळ्यात डॅरेल दर आठवड्याला माझ्या दारात वाकून उभा. "एनी न्यूज?"

एकदा आम्ही त्याला आणि लोर्नाला घरी जेवायला बोलावलं. नीताने पुरणपोळ्या केल्या होत्या. डॅरेल एकावर एक खात होता, लोर्नाचं मात्र जेवणात लक्ष नव्हतं. शेवटी तिनेच विचारलं, "तुम्ही ऑफिसात असता. आम्ही राहतोय की जातोय? मला शाळेला सांगायचंय."

मला खरंच काही माहीत नव्हतं. मी म्हटलं, "वी विल सी."

ते गेल्यावर नीता भांडी उचलता उचलता म्हणाली, "अहो, मला बघायला आला होतात तेव्हाही तुम्ही असंच 'बघू' म्हणाला होतात. माझे बाबा महिनाभर झोपले नव्हते."

मला फार वाईट वाटलं. बाबांचं नाही, लोर्नाचं.

*

ऑगस्टमध्ये दुबई रिकामी होते. अबू सुलतान लंडनला, ड्रागान बेलग्रेडला. ऑफिसात मी आणि एसी. एके दिवशी ड्रागानचा फोन आला. "नवीन सेंटर मिळाला. अमेरिकन आहे, जवान आहे. डायरेक्टरही 'हो' म्हणाले. डॅरेलला सांगून टाक."

"मी? हे कोचने सांगायचं असतं."

"मी तर बेलग्रेडला आहे."

मी लंडनला फोन लावला. अबू सुलतान म्हणाले, "हां हां, बोलने का है. लेकिन प्यार से बोलो. उसका दिल नहीं टूटना चाहिए."

"सर, तुम्हीच बोललात तर..."

"इन्शाल्ला."

म्हणजे ते बोलणार, असं मी समजलो. ड्रागान समजला, मी बोलणार. अबू सुलतान काय समजले, ते अल्लालाच ठाऊक.

आठवडा गेला. मला राहवेना, म्हणून मीच डॅरेलच्या घरी गेलो. बिल्डिंगखाली टेम्पो उभा, आणि डॅरेल एक भलामोठा सोफा उतरवत होता. "बरं झालं आलास! लिफ्टमध्ये मावत नाहीये. ती बाजू धर."

वर लोर्नाने सरबत दिलं. मुलीने नव्या युनिफॉर्मची पिशवी दाखवली. "लुक अंकल, सेकंड ग्रेड!"

नोकरी गेल्याचं सांगायला गेलो आणि सोफा चढवून घरी आलो!

*

नवा सेंटर आला त्या दिवशी खेळाडूंची नावनोंदणी बंद व्हायला जेमतेम आठवडा उरला होता; त्यानंतर परदेशी खेळाडू बदलता येत नसे. फ्लाइट दुपारची. घ्यायला मीच जाणार होतो. खाली आलो तर क्लबची गाडी नाही. वॉचमन म्हणाला, "डॅरेल सर ले गये. एअरपोर्ट."

मी तसाच वॉचमनच्या केबिनमध्ये शिरलो.

तिथूनच लंडनला फोन. अबू सुलतान खुशीत होते. "हां, मैंने बोला उसको. पहला बार फोन किया. मेहमान आता है, तो घर का सबसे पुराना आदमी लेने को जाता है. ड्रायव्हर भेजेगा तो बेइज्जती है."

"सर, पण डॅरेलला कुणी सांगितलंय का, की हा त्याच्या जागी..."

"तुमने नहीं बोला?"

मी टॅक्सी पकडली. त्या उन्हात, त्या ट्रॅफिकमध्ये, ड्रायव्हरला सारखा "यल्ला, यल्ला, चल लवकर" म्हणत कसाबसा पोचलो. अरायव्हलच्या गर्दीवर दोन डोकी दिसतात का बघतोय. एकही नाही. आत शोधलं, कॅफेटेरियात शोधलं. शेवटी वरच्या मजल्यावर, डिपार्चरला, एक उंच जवान पोरगा दिसला. हातात न उघडलेल्या बॅगा. एअरलाइनच्या काउंटरवर विचारत होता, परतीची पहिली फ्लाइट कधी आहे.

मी धावत पार्किंगमध्ये गेलो. डॅरेल गाडी सुरू करून, एसी लावून शांत बसला होता. मागच्या सीटवर नव्या पोराच्या नावाची पाटी उलटी पडलेली.

"डॅरेल! तो परत चाललाय! काय सांगितलंस त्याला?"

"काही नाही. वेलकम म्हणालो."

"आणि?"

त्याने हात लांब करून माझ्या बाजूचं दार उघडलं.

"बस लवकर, ऊन लागेल. सोमवारी प्रॅक्टिस किती वाजता?"