वाफ्यातले ठसे

कुपवाडच्या कारखान्यात सकाळची मशीन सुरू करत होतो, तेवढ्यात गावाकडून फोन आला. तात्या गेले. रहिमतपूरजवळच्या आमच्या मळ्यात नव्या लागणीच्या कांद्यातली मेलेली रोपं बदलून ते बांधावर टेकले, ते उठलेच नाहीत...

तात्या माझे चुलते. मिसरूड फुटायच्या वयात शेतातून उठून फौजेत गेले आणि एकाहत्तरच्या लढाईत पंजाबच्या सीमेवर होते. लढाईचं विचारलं की एवढंच म्हणायचे, "चालत गेलो, चालत आलो." आम्हा पोरांचा हिरमोड व्हायचा. कांद्याच्या वाफ्यात शिरलो की मात्र त्यांचा आवाज चढे. "आलास त्याच ठशांवरनं माघारी ये रं. नवं पाऊल उमटवू नगंस." रोपं तुडवली जाऊ नयेत म्हणून त्यांच्या वडिलांनी त्यांना तसंच शिकवलं होतं. एवढा ताठ माणूस माघारी येताना जुन्या ठशांत जपून पाय टाकायचा आणि आम्ही बांधावर पोट धरून हसायचो.

सावडायच्या दिवशी मलकापूरहून रंगराव आले. तात्यांचे फौजेतले सोबती, एक पाय लाकडी. चहा नको म्हणाले, मळ्यात चल म्हणाले. वाफ्यातल्या चिखलात तात्यांचे ठसे वाळून तसेच होते. जाणं-येणं दोन्ही, पण ओळ एकच. रंगराव बघत राहिले, मग सांगू लागले.

"गव्हाच्या रानात सुरुंग पेरल्यालं. माझा पाय गेला, तितंच पडलो. नुकतं उजाडल्यालं. मी वरडत हुतो, कुणी येऊ नगा. तरी ह्यो आला. येताना निस्तं नशीब हुतं, गड्या. पर माघारी निघाला तवा मला पाठीवर घिऊन आपल्याच बुटांच्या ठशांत एकेक पाय टाकाय लागला. मला कळ सोसंना, वळवळाय लागलो. तर म्हणला, 'हलू नगंस रंगा. वाफ्यात हाय आपुन.'"

ज्या चालीला आम्ही हसलो, तिनं माघारी आणलेला माणूस काठी टेकून माझ्यासमोर उभा होता. महिना होत आला, तरी मला ते एकोणीस-वीस वर्षांचं पोर दिसत राहतं... भोवती मरण पेरलेलं, पाठीवर दोस्त, आणि मनात बापाचा कांदा. चालत गेलो, चालत आलो... तात्या खोटं काहीच बोलले नव्हते.

रंगराव आले त्या दिवशी कांद्याची पाण्याची पाळी चुकलेली होती. रोपांनी माना टाकल्या होत्या. पाणी सोडलं की ठसे पुसणार, म्हणून माझा हात उचलेना. मागून काकी आल्या. ठशांकडं पाहून त्यांनी पदर तोंडाला लावला. मग म्हणाल्या, "सोड की पाणी. रोपं जगावी म्हणून तर त्यांनी पाय जपून टाकलं. आता तू वाळवतोस व्हय?"

मी खोऱ्यानं वाफ्याच्या तोंडाची माती ओढून दारं मोडलं. पाणी वाफ्यात शिरलं, एकेक करत आधी तात्यांची पावलं भरली, आणि मग रोपांकडं गेलं.