‘पुन्हा या’ म्हणायचा नियम

तळणीच्या जुन्या तेलाचा वास आला की मला कॉलेज रोडवरचं ते बर्गरचं दुकान आठवतं, जिथे दार उघडलं की आम्ही सगळ्यांनी हातातलं काम न सोडता ‘वेलकम’ असं ओरडायचं, असा नियम होता. मॅनेजर त्याला आपली संस्कृती म्हणायचा. एका दुपारी असंच ओरडून मी वर पाहिलं, तर दारात पायजमा-टोपीतले एक काका उभे होते, हातात आमच्याच दुकानाचा लाल शर्ट, धुऊन घडी घातलेला. तळणीवर माझ्या शेजारी उभी राहणारी मुलगी आठवड्यापूर्वी पेठ रोडवर अपघातात गेली होती. हे तिचे वडील. मॅनेजर गडबडून म्हणाला, “काका, शर्टासाठी एवढ्या लांब कशाला आलात?” “तुमचा हाय ना तो,” ते म्हणाले. “आन् ती कुठं उभी राहायची, तेवढं बघायचं होतं.” मी जागा दाखवली. तेवढ्यात बटाट्यांचा टायमर वाजायला लागला, तो मी बंद केला. ते निघाले, तेव्हा जाणाऱ्या प्रत्येकाला ओरडून म्हणायचं ‘थँक्यू, पुन्हा या’ आमच्यापैकी कोणाच्याच तोंडून निघेना. दार अर्धं उघडून ते थांबले. “जाणाऱ्याला बी काही म्हणता ना तुम्ही? पोरगी घरी म्हणून दाखवायची.” मग आम्ही म्हटलं, एका सुरात, नियमाप्रमाणे. आमचं म्हणून संपलं तरी ते कान देऊन उभेच होते. आजही कुठल्या दुकानातून निघताना मागून ‘पुन्हा या’ ऐकू आलं, की मी दार धरून जरा थांबतो, अजून कोणाचं म्हणायचं राहिलंय का ते ऐकायला.