हे तर नखुरडं!

आमच्या दवाखान्यात जंतुसंसर्गावरच्या नव्या गोळीवर संशोधन चालू होतं. गोळ्या हातावर ठेवायचो मी, आणि त्रास विचारून फॉर्मवर लिहायच्या आमच्या सिस्टर. कामाला पक्क्या. मळमळ, चक्कर, पुरळ, काही म्हणून सुटायचं नाही. फक्त कुणी नखाभोवती सुजलेलं बोट पुढे केलं, की म्हणायच्या, "अगं, हे तर नखुरडं! पाण्यात हात घालू नकोस, जाईल." भांडी घासून घासून त्यांच्या आईला ते कायम असायचं. त्याला त्या आजार मानतच नसत, मग फॉर्मवर कशाला लिहितील?

एक दिवस एक वॉचमन पायाचा टम्म फुगलेला अंगठा घेऊन आला. सिस्टरांनी त्यालाही नखुरडंच म्हटलं, तसा तो म्हणाला, "सिस्टर, मी काय पायानं भांडी घासतो?"

मी खो खो हसलो. सिस्टर पांढऱ्याफटक पडल्या.

त्यांनी लगेच डॉक्टरांना सगळं सांगितलं. गोळीचाच त्रास निघाला. मग आठवून आठवून त्यांनी आठ बायकांना फोन लावले. मी शेजारी बसून नंबर काढून देत होतो. गोळ्या देताना ती बोटं मलाही दिसलीच होती की!

शेवटचा फोन धुणीभांडी करणाऱ्या बाईंना होता. "तुमची बोटं गोळीनं सुजली. चूक माझी," सिस्टर म्हणाल्या.

"असू द्या हो," बाई म्हणाल्या. "तुम्ही सांगितलंत म्हणून तिन्ही घरची कामं सोडली मी. गोळी मात्र एक दिवस चुकवली नाही."