देवाच्या डोहातले खडस

वय झालं की राग निवतो म्हणतात. माझा निवलेला नाही, आणि निवावा असं मला वाटतही नाही.

महाराजांच्या संस्थानात भोगावती नदीवर वरच्या अंगाला धरणाचं काम निघालं, तेव्हा मी सासरी नवी होते. आमचं घर भोयाचं. नदीत जाळं टाकावं आणि पोट भरावं. पण देवळाखालच्या डोहात कोणी जाळं टाकत नसे. तिथले खडस मासे देवाचे. मामंजी, म्हणजे माझे सासरे, त्यामागचं शहाणपण सांगत, "डोह म्हंजे बियाणं हाय, पोरी. पावसाळ्यात हितनंच मासं नदीभर पांगत्यात. बियाणंच खाल्लं तर पेरायचं काय?"

रोज सकाळी कणकेच्या गोळ्या घेऊन मी पायरीवर तीनदा पाय आपटायचे. हातभर लांब मासे पायांशी येत. शेपटी तुटलेली एक म्हातारी मादी तर माझ्या हातातून खायची. त्या परक्या गावात मला पहिली ओळख दिली ती तिने.

एकदा धरणावरचा एक मुकादम आमच्याकडे जेवायला थांबला. मामंजींना डोहाचा कोण अभिमान! "पावणं, आमचं मासं बघून जावा की." मी पाय आपटला, मासे आले.

"कुणीबी बोलवलं तर येत्यात?" त्याने विचारलं.

मी मूर्ख. हसून म्हणाले, "व्हय की. पाय आपटला, गोळी टाकली, की झालं."

आठवड्याने तो दोन माणसं घेऊन आला. खडक फोडायची सुरुंगाची दारू कामावरून चोरलेली. मागून कळलं, आधी त्याने कणकेच्या गोळ्या टाकल्या, तीनदा पाय आपटला आणि मग वात पेटवली.

आवाज ऐकून मी धावले. डोह पांढऱ्या पोटांनी भरला होता, त्यात बोटाएवढी पिल्लंसुद्धा. आणि त्याच डोहाला नवस बोलणारं आमचं गाव बुट्ट्या घेऊन पाण्यात उतरलं होतं! मेलेला मासा देवाचा नसतो म्हणे. खाल्ल्या घरचे वासे मोजणारा तो मुकादम, त्याने वर आमच्या घरी वाटाही पाठवला. बुट्टीत तुटकी शेपटी दिसली. ती बुट्टी मी आणणाऱ्याच्या अंगावर उपडी केली.

पुढची तीन वर्षं जाळं रिकामं आलं. माझा नवरा शेवटी त्याच धरणावर दगड फोडायला गेला.

चौथ्या वर्षी पुराने कुठून तरी खडसाची चार पिल्लं डोहात आणली. पायरीचं शेवाळ चाखत होती. मी वाकले तरी हलली नाहीत. मामंजींचे डोळे भरून आले. "गोळी टाक की, पोरी."

मी दगड उचलला आणि नेम धरून पिल्लांच्या जवळ पाण्यात मारला.

"अगं, काय करतीस?"

"शिकू द्या त्यास्नी. माणूस दिसला की पळायचं."

त्यानंतर मी रोज सकाळी डोहावर जात राहिले, ओटीत दगड घेऊन.